टिकाऊ बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल कशी निवडायची: शिकारीलाही चालेल आणि टार्गेटलाही

रायफल घ्यायची ठरली की बहुतेक लोक आधी कॅलिबर ठरवतात, मग कंपनी, मग स्कोप, आणि ती टिकेल किती हा प्रश्न आठवलाच तर सगळ्यात शेवटी, दुकानात उभं राहून विचारतात. मी म्हणेन सुरुवातच तिथून करा. रायफलमध्ये काही गोष्टी झिजणाऱ्या असतात आणि काही सहसा न झिजणाऱ्या. बॅरल झिजते, स्प्रिंगा मऊ पडतात, एक्सट्रॅक्टर (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं केस बाहेर ओढणारा भाग) तुटतो, स्टॉकला (खांद्याला लावायच्या दांड्याला) तडा जातो, हे सगळं बदलता येतं. पण रिसीव्हर, म्हणजे ज्यात बोल्ट सरकतो ते रायफलचं धड, आणि बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा, नीट बनवलेले असतील तर दोन पिढ्या चालतात, आणि नसतील तर वरून कितीही पैसे ओता काही उपयोग होत नाही. म्हणजे टिकाऊ रायफल कुठली, तर जिची न बदलता येणारी गोष्ट पहिल्या दिवसापासून चोख आहे आणि बदलायच्या गोष्टी सहज मिळतात आणि सहज बसतात. बाकी फिनिश, कॅमो, कार्बन फायबर वगैरे सगळं याच्या नंतर.

परवान्याचं आधीच बोलून टाकतो. रायफल ठेवायला काय कागद लागतात, कुठल्या प्राण्याची शिकार कधी आणि कुठल्या कॅलिबरने करता येते, की अजिबातच करता येत नाही, हे तुम्ही राहता तिथल्या कायद्यात स्पष्ट असतं आणि ते रायफल बघायला जायच्या आधी वाचायचं. शिकारीला परवानगीच नसेल तर फक्त टार्गेटसाठी घ्या, मग निवड बरीच सोपी होते कारण दिवसभर खांद्यावर वागवायच्या वजनाची चिंता उरत नाही.

अ‍ॅक्शन: इथे तडजोड करू नका

रिसीव्हर आणि बोल्ट मिळून जे यंत्र होतं त्याला अ‍ॅक्शन म्हणतात. बोल्टच्या पुढच्या टोकाला जाड दात असतात, त्यांना लग म्हणतात. हँडल खाली केलं की ते रिसीव्हरमधल्या खाचेत अडकतात, आणि गोळी सुटते त्या क्षणी काडतुसाचा मागचा सगळा धक्का या दोन-तीन दातांवर येतो. .३०८ विंचेस्टरसारख्या अगदी सर्वसाधारण काडतुसात दाब प्रति चौरस इंच ६२ हजार पौंडांपर्यंत जातो आणि हे सगळं तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर चाललेलं असतं. त्यामुळे इथलं पोलाद आणि त्याचं हीट ट्रीटमेंट हा चैनीचा विषय नाहीये.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे अमेरिकन लष्कराची १९०३ ची स्प्रिंगफील्ड. डिझाइन उत्तम, पोलाद त्या काळाच्या मानाने ठीक, पण भट्टीतल्या धातूचं तापमान कारागीर रंगावरून, नुसत्या डोळ्यांनी ओळखायचे. ऊन पडलेलं असलं की तापलेला धातू कमी लाल दिसतो, ढगाळ दिवशी जास्त, त्यामुळे काही रिसीव्हर प्रमाणाबाहेर तापले आणि ठिसूळ झाले, त्यातले काही गोळी झाडताना फुटले. १९१८ च्या सुमाराला प्रक्रिया सुधारली. म्हणून आजही स्प्रिंगफील्ड आर्मरीच्या ज्या १९०३ चा नंबर ८ लाखांच्या खाली आहे ती झाडू नये असंच जाणकार सांगतात. बाहेरून बघून त्या रायफलमध्ये काही खोट आहे हे कुणालाही कळणार नाही. म्हणून जुनी लष्करी रायफल घेताना तिचा मॉडेल, कारखाना आणि नंबर यांची माहिती आधी काढायची, मग भाव करायचा.

आता काडतूस आत कसं जातं याचे दोन प्रकार आहेत आणि यावर लोक तासन्‌तास भांडतात. पहिला कंट्रोल्ड फीड, म्हणजे १८९८ च्या माउझरची पद्धत. बोल्टच्या बाजूला एक लांब, रुंद पंजा असतो, काडतूस मॅगझिनमधून वर आलं की त्याची कड या पंजाखाली सरकते आणि तिथपासून रिकामं केस बाहेर फेकेपर्यंत बोल्टने ते घट्ट धरलेलं असतं. रायफल वाकडी धरा, उलटी धरा, बोल्ट अर्धा पुढे नेऊन परत मागे घ्या, काडतूस हातचं जात नाही. माउझर ९८ ला पुढे दोन लग आणि मागे तिसरा राखीव लग होता, प्रायमर (काडतुसाच्या बुडातली ठिणगी टाकणारी टोपी) फुटला तर गॅस बाजूला जावा म्हणून बोल्टला भोकं होती, आणि बोल्टचं हँडल वेगळं जोडलेलं नव्हतं, बोल्टच्याच अंगचं होतं. विंचेस्टर मॉडेल ७० आली १९३६ साली तीही याच घराण्यातली. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवायला तिचं डिझाइन बदललं आणि लोक इतके नाराज झाले की आजही जुन्या बाजारात ६४ च्या आधीची म्हटलं की भाव चढतो.

दुसरा प्रकार पुश फीड. इथे बोल्ट काडतुसाला नुसतं मागून ढकलतो आणि पूर्ण बंद होताना छोटा एक्सट्रॅक्टर कडेवर चढतो. १९६२ ची रेमिंग्टन ७०० ही याची सगळ्यात प्रसिद्ध मालिका, गोल नळीसारखा रिसीव्हर, बनवायला सोपा, अचूक बसवायला सोपा, म्हणून टार्गेटच्या जगात तिच्या मापाची नक्कल करून बनवलेले रिसीव्हर, स्टॉक आणि ट्रिगर भरपूर मिळतात. पुश फीड कमी प्रतीचा असतो असं जे बोललं जातं ते मला पटत नाही. दाट झाडीत मोठ्या, अंगावर येऊ शकणाऱ्या जनावराची शिकार करायची असेल तर कंट्रोल्ड फीडचा पंजा पाहिजेच, तिथे मी वाद घालणार नाही. पण हरणासारख्या जनावरासाठी आणि रेंजवरच्या कामासाठी चांगला पुश फीड वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतो. त्यात फक्त एक्सट्रॅक्टर कसला आहे ते बघून घ्या. हॉवा १५०० मध्ये एम १६ च्या धर्तीचा, पिनवर फिरणारा जाड एक्सट्रॅक्टर आहे, तो पत्र्याच्या पातळ रिंगसारख्या एक्सट्रॅक्टरपेक्षा मजबूत असतो आणि बदलायलाही सोपा.

लग किती याचाही परिणाम होतो. दोन लग असले की हँडल सहसा ९० अंश उचलावं लागतं, तीन असले की ६० ते ७०. कमी उचललं की स्कोपला हात लागत नाही आणि दुसरी गोळी लवकर भरता येते, पण त्याच स्प्रिंगला कमी अंतरात कॉक करायचं असल्याने हँडल थोडं जड लागतं. टिक्काने दोन लग ठेवूनही ७० अंशांत काम भागवलंय आणि तिचा बोल्ट खरोखर लोण्यासारखा सरकतो, एकदा हातात घेऊन बघाच.

दुकानात रायफल हातात आली की काय करायचं

आधी बोल्ट उघडून चेंबर (बॅरलमधली काडतूस बसायची जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे ते डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा, दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरी. मग तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट हळू मागे-पुढे करा. मागे पूर्ण खेचल्यावर बोल्ट थोडा डगमगतो, ते बहुतेक सगळ्यांत असतं आणि त्याने काही बिघडत नाही, पण पुढे नेऊन बंद करताना तो मधेच अडकत असेल, एका बाजूला घासत असेल किंवा खरखर जाणवत असेल तर रिसीव्हरच्या आतल्या वाटेचं काम ओबडधोबड आहे. नवीन बोल्ट थोडा खरखरतो आणि वापराने गुळगुळीत होतो, मात्र अडकणं वापराने जात नाही.

त्यानंतर बोल्ट बाहेर काढा. कसा काढायचा हे दुकानदाराला पटकन जमलं नाही तर दुसऱ्या दुकानात जा. लगची मागची बाजू बघा, जी खाचेला टेकते ती. वापरलेल्या रायफलवर तिथे चकाकी आलेली असते आणि ती सगळ्या लगांवर साधारण सारखी पाहिजे. एकच लग चमकतोय आणि दुसऱ्यावरचा काळा रंग जसाच्या तसा आहे याचा अर्थ सगळा दाब एकटा लग सोसतोय. थोडा फरक चालतो, पूर्ण कोरा लग चालत नाही. बोल्टच्या तोंडावर फायरिंग पिनच्या भोकाभोवती गोल खड्डे किंवा जळल्याच्या खुणा असतील तर आधीच्या मालकाने प्रायमर फुटेपर्यंत गरम लोड, म्हणजे प्रमाणाबाहेर दाबाची काडतुसं, झाडलेत, ती रायफल खाली ठेवा. हँडलची जोडही बघा, काही रायफलींत ते बोल्टला ब्रेझिंगने चिकटवलेलं असतं आणि जोडावर बारीक रेघ दिसली तर ती रेघ वाढतच जाते.

मग बॅरलमध्ये मागच्या बाजूने उजेड टाकून बघा. आतले आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या पिळाच्या खाचा, तीक्ष्ण दिसले पाहिजेत आणि चेंबरच्या पुढे जिथे आटे सुरू होतात, ज्याला थ्रोट म्हणतात, तिथे सुकलेल्या चिखलासारख्या भेगा दिसल्या तर त्या बॅरलने बरंच आयुष्य भोगलंय. बोअरस्कोप मिळाला तर उत्तम, पण त्यातून सगळंच भयानक दिसतं, तेव्हा एकदा नवीन बॅरल त्यातून बघून ठेवा म्हणजे तुलना करता येते. तोंडाच्या कडेवर, म्हणजे क्राउनवर, ओरखडा नको. गोळी रायफल सोडताना शेवटचा स्पर्श तिथे होतो आणि तिथली छोटी दुखापतही ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडणारा गोळ्यांचा पुंजका, उघडा पाडते, पण क्राउन पुन्हा कापून घेता येतो आणि ते फार खर्चाचं काम नाही, म्हणून यावरून भाव कमी करून घ्या आणि रायफल चांगली असेल तर सोडू नका.

जुन्या रायफलचं हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं त्या जागेपर्यंतचं अंतर, गनस्मिथकडून तपासून घेतल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही. गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि नो-गो गेजवर होता कामा नये, पाच मिनिटांचं काम आहे. आणि बॅरलवर कोरलेलं कॅलिबर वाचा, त्याच काडतुसाचा डबा उघडा. मिळतंजुळतं, बसतंय, म्हणून चालतं असं रायफलमध्ये काही नसतं. .२२३ चं चेंबर आणि ५.५६ चं लष्करी काडतूस हे त्यातलं नेहमीचं उदाहरण, दिसायला एकसारखं पण थ्रोटची मापं वेगळी आणि .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ चा दाब वाढू शकतो.

बॅरल आणि कॅलिबर एकत्रच ठरवायचे

बॅरल म्हणजे गाडीचे टायर समजा, चांगले घ्यायचे आणि झिजले की बदलायचे. किती लवकर झिजेल हे मुख्यतः कॅलिबर ठरवतं. छोट्या भोकातून जास्त पावडर जाळली की थ्रोट लवकर जळतो इतका साधा हिशोब आहे. .३०८ विंचेस्टर, १९५२ पासून चालत आलेलं, नीट जपलं तर ५ हजार गोळ्यांच्या आसपास चांगली अचूकता देतं. ६.५ क्रीडमूर, २००७ चं, वारा कमी खातं, झटका कमी देतं, लांबवर सपाट जातं, पण बॅरल साधारण २ ते ३ हजारांत थकते. .३०० विंचेस्टर मॅग्नम सारखं काडतूस त्याच्याही आधी. हे आकडे ढोबळ आहेत, तापलेल्या बॅरलमधून भराभर गोळ्या झाडल्या तर निम्मं आयुष्यही मिळणार नाही.

नुसती शिकार करणाऱ्याला वर्षाला मोजक्या गोळ्या लागतात, त्याची बॅरल त्याच्या हयातीत संपत नाही आणि त्याने याचा विचार करू नये. पण टार्गेट करणारा माणूस एका दिवसात शंभर गोळ्या सहज उडवतो, म्हणजे मॅग्नम घेतली तर वर्षा-दीड वर्षात नवी बॅरल, शिवाय खांदा दुखून दुखून ट्रिगर झटकायची सवय लागते ती वेगळीच. म्हणून दोन्ही कामांना एकच रायफल हवी असेल तर मी .३०८ किंवा ६.५ क्रीडमूर यापलीकडे बघणार नाही. जनावर जड असेल किंवा गोळ्या सगळीकडे मिळायला हव्या असतील तर .३०८, आणि ३०० मीटरच्या पुढे टार्गेट जास्त करणार असाल तर क्रीडमूर. नवशिक्याला झटक्याची भीती असेल तर .२४३ सुद्धा चांगलं, हलक्या हरणांना पुरतं. आणि यात एक फायदा आहे जो लोक विसरतात, .३०८, .२४३ आणि ६.५ क्रीडमूर या तिघांच्या बुडाचं माप एकच आणि तिन्ही आखूड, म्हणजे शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये बसतात, त्यामुळे उद्या बॅरल बदलायची वेळ आली तर त्याच बोल्टवर दुसऱ्या कॅलिबरची बॅरल चढवता येते. १९०६ चं .३०-०६ अजूनही उत्तम शिकारी काडतूस आहे पण त्याला लाँग अ‍ॅक्शन लागते, हे घ्यायच्या आधी लक्षात असू द्या.

बॅरल बदलण्याच्या बाबतीत सॅव्हेज ११० चं कौतुक केलंच पाहिजे. १९५८ पासूनच्या या रायफलमध्ये बॅरल एका नटने पकडलेली असते आणि बोल्टचं डोकं थोडं तरंगतं असतं, त्यामुळे योग्य पाना, गेज आणि थोडी समज असलेला माणूस घरच्या वाइसवर बॅरल बदलून हेडस्पेस लावू शकतो. दिसायला ती साधीच आहे आणि बोल्टही टिक्काइतका मऊ नाही. पण टिकाऊपणाची जी व्याख्या मी वर केली तिला ती अगदी चपखल बसते.

आता ट्विस्ट. आट्यांचा पीळ किती इंचात एक फेरा घेतो ते. लांब आणि जड गोळीला जास्त पीळ लागतो. ६.५ क्रीडमूरला ८ इंचांत एक फेरा हे जवळजवळ ठरलेलं आहे, .३०८ ला १० चा घ्या, १२ चा जुन्या रायफलींत असतो आणि तो जड गोळ्यांना कमी पडतो. शिशाशिवायच्या तांब्याच्या गोळ्या वापरायच्या असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण तांबं हलकं म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते. .२२३ मध्ये ७ पासून १२ पर्यंत सगळे ट्विस्ट मिळतात, तिथे विचारल्याशिवाय घेऊ नका.

जाडी आणि लांबीबद्दल. पेन्सिलसारखी पातळ बॅरल डोंगर चढताना सुखाची, पण चौथ्या-पाचव्या गोळीला तापते आणि नेम सरकायला लागतो. जाड टार्गेट बॅरल दिवसभर एका जागी मारते पण रायफल ५ किलोच्या वर जाते आणि ती घेऊन दिवसभर चालणं म्हणजे शिक्षा. दोन्ही कामांसाठी मधली जाडी, २२ ते २४ इंच लांबी, आणि स्कोपशिवाय साडेतीन ते चार किलो वजन, इथे थांबा. बॅरल हॅमरने घडवलेली, बटनने ओढलेली की एकेक आटा कापलेली यात जास्त गुंतू नका, तिन्ही पद्धतींनी उत्कृष्ट बॅरल बनतात आणि तिन्हींनी भंगारही.

स्टेनलेस घेतली म्हणजे गंजायची नाही असा एक मोठा गैरसमज आहे. बॅरलसाठी वापरतात ते ४१६ जातीचं स्टेनलेस मशीनवर नीट कापता यावं म्हणून बनवलेलं असतं, स्वयंपाकघरातल्या भांड्याइतकं ते गंजाला तोंड देत नाही, घाम आणि पाऊस पुसला नाही तर त्यावरही ठिपके पडतात. साध्या क्रोमोली पोलादाच्या ब्लूइंगपेक्षा (निळसर-काळ्या रासायनिक थरापेक्षा) ते नक्कीच बरं, पण नायट्रायडिंग केलेली (पृष्ठभाग कडक केलेली) किंवा सेराकोटचा लेप मारलेली क्रोमोली बॅरलही छान टिकते. ब्लूइंग दिसायला सुंदर, संरक्षण अगदी थोडं, रोज तेलाचा हात फिरवायची तयारी असेल तर घ्या.

स्टॉक, बेडिंग (रिसीव्हर स्टॉकमध्ये कसा बसतो) आणि कागदाची पट्टी

अक्रोडाच्या लाकडाचा स्टॉक हातात घेतला की मन मोहून जातं हे मला मान्य आहे. पण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं आणि त्याबरोबर बॅरलवरचा दाब बदलतो, मग मागच्या हंगामात नेम जुळवून शून्य केलेली रायफल या हंगामात दोन बोटं बाजूला मारते. लाकूडच हवं असेल तर लॅमिनेट घ्या, पातळ थर चिकटवून बनवलेलं असतं, थोडं जड पण स्थिर. प्लास्टिकच्या साच्यातले स्वस्त स्टॉक पाण्याला चांगले, फक्त पुढचा भाग मऊ असतो आणि बायपॉड (दोन पायांचा टेकू) लावून जोर दिला की वाकून बॅरलला टेकतो. यावर फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमची चेसी (स्टॉकऐवजी येणारा धातूचा सांगाडा) हे उत्तर आहे, पण ते नंतर घेता येतं, पहिल्या दिवशी नको.

बॅरल स्टॉकला टेकत नाही ना, हे तपासायला एक कागदाची पट्टी पुरते. बॅरल आणि स्टॉकच्या मधे ती सरकवा आणि रिसीव्हरकडे ओढत न्या, ती न अडता चेंबरजवळ पोचली पाहिजे. मग स्टॉकचं पुढचं टोक बॅरलसकट मुठीत धरून दाबा आणि परत पट्टी ओढा. दाबल्यावर पट्टी अडकली तर मोकळ्या बॅरलची जाहिरात फक्त दुकानातल्या स्टँडपुरती खरी आहे. काही जुन्या रायफलींत मुद्दाम टोकाला दाब ठेवलेला असतो, तो डिझाइनचा भाग आहे, तिथे तासायला घाई करू नका.

रिसीव्हरच्या खाली रिकॉइल लग असतो तो झटका स्टॉकला देतो. हॉवासारख्या रायफलमध्ये तो रिसीव्हरच्याच तुकड्यात घडवलेला असतो, रेमिंग्टन ७०० मध्ये बॅरल आणि रिसीव्हरच्या मधे वॉशरसारखा पकडलेला. दोन्ही चालतात. अ‍ॅक्शनचे स्क्रू मात्र अंदाजाने आवळायचे नाहीत, कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क पाळा आणि इंच-पौंडात मोजणारा छोटा टॉर्क पाना विकत घ्या. रायफल अचानक वाईट मारायला लागली म्हणून बॅरलला दोष देणाऱ्यांपैकी कित्येकांचे हे दोन स्क्रू नाहीतर स्कोपच्या माउंटचे स्क्रू ढिले झालेले असतात.

स्टॉकची लांबीही बघा. खांद्याला लावल्यावर मान न ताणता डोळा स्कोपमागे आला पाहिजे आणि हिवाळ्याच्या जाड जॅकेटवरही. बहुतेक रायफलींची ट्रिगरपासूनची लांबी साडेतेरा इंचांच्या आसपास असते, लहान चणीच्या माणसाला ती जास्त होते, आणि न बसणारी रायफल कितीही टिकाऊ असली तरी ती कपाटातच टिकते.

ट्रिगर आणि सेफ्टी

शिकारीसाठी ट्रिगर एक ते दीड किलोच्या दाबाचा पुरे, थंडीने सुन्न झालेल्या बोटाला त्याहून हलका धोक्याचा. फक्त टार्गेट असेल तर आणखी हलका चालेल. वजनापेक्षा तो स्वच्छ तुटतो का ते महत्त्वाचं, सरकत, अडखळत येणारा ट्रिगर नको. रिकाम्या सेंटरफायर रायफलवर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी प्रायमर असतो तिच्यावर) ड्राय फायर, म्हणजे गोळीशिवाय ट्रिगर ओढणं, करून बघायला दुकानदाराची परवानगी घ्या, रिमफायरवर (प्रायमर काडतुसाच्या कडेत असतो तिच्यावर) करू नका.

रायफल रिकामी आहे याची परत खात्री करून सेफ्टीची परीक्षा अशी घ्या. कॉक करा, सेफ्टी लावा, ट्रिगर जोरात ओढा, सोडा, मग ट्रिगरला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडली तर ती रायफल दुरुस्त होईपर्यंत गोळी भरायच्या लायकीची नाही. तीन जागांची सेफ्टी मला सगळ्यात आवडते, मधल्या जागेवर रायफल सेफ राहूनही बोल्ट उघडून काडतूस काढता येतं आणि शेवटच्या जागेवर बोल्टही बंद राहतो, झुडपात अडकून उघडत नाही. आणि ट्रिगरमध्ये तेल कधीच ओतू नका. तेल धूळ पकडतं, काही महिन्यांत डिंक होतं आणि कडाक्याच्या थंडीत सेफ्टी-ट्रिगर दोन्ही बेभरवशाचे होतात. बोल्टच्या आत फायरिंग पिनलाही जाड ग्रीस नको, गोठलं की प्रायमरवर हलका टोला बसतो आणि गोळी सुटत नाही. ग्रीसची मुख्य जागा लगच्या मागची बाजू, तिथे मोहरीएवढा थेंब.

अचूकता किती मागायची

एमओए हे गोळ्या किती पसरतात ते मोजायचं कोनाचं माप, १०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटिमीटर. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग वीतभर, वीसेक सेंटिमीटरचा, म्हणजे दीड एमओए मारणारी रायफल २०० मीटरवर ९ सेंटिमीटरच्या आत राहते आणि शिकारीला हे भरपूर झालं. टार्गेटसाठी १ एमओए किंवा चांगली मागा. कंपन्या बऱ्याचदा तीन गोळ्यांच्या ग्रुपची हमी देतात, तीन गोळ्या नशिबानेही जवळ पडतात, म्हणून रायफल समजून घ्यायची तर दहा गोळ्यांचा ग्रुप मारा, मधे बॅरल थंड होऊ देत. आणि दोन-तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या वजनाची काडतुसं वापरून बघा, तीच रायफल एकावर दोन एमओए आणि दुसऱ्यावर पाऊण देते हे अगदी नेहमीचं आहे.

रेंजवर कान आणि डोळे झाकल्याशिवाय बसू नका. अशा रायफलचा आवाज १४० डेसिबलच्या कितीतरी वर जातो आणि कानाची एकदा झालेली हानी परत भरून येत नाही. गोळी कित्येक किलोमीटर जाऊ शकते, त्यामुळे टार्गेटच्या मागे मातीचा बांध दिसत नसेल तर झाडायची नाही, शिकारीत टेकडीच्या माथ्यावर आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभ्या जनावरावर तर कधीच नाही. चिखलात किंवा बर्फात तोंड टेकलं असेल तर बोल्ट काढून आरपार बघितल्याशिवाय पुढची गोळी नाही, थोडासा चिखलही बॅरल फुगवतो किंवा फाडतो.

पैसे कुठे घालायचे आणि सोबत काय घ्यायचं

मध्यम किमतीच्या टिक्का टी३एक्स, हॉवा १५००, सॅव्हेज ११०, बर्गारा बी-१४ यांपैकी जी हातात बसेल ती घेतली तर फसायला होत नाही. अगदी स्वस्त रायफलीही आजकाल छान मारतात, फरक दिसतो तो मॅगझिनच्या प्लास्टिकमध्ये, बोल्टच्या खरखरीत आणि स्टॉकच्या लवचिकपणात. महागडीत पैसा बराचसा देखणेपणाला जातो. रायफलवर सगळं बजेट उडवून उरलेल्यात कसलातरी स्कोप घेऊ नका, माउंट तर अजिबात स्वस्त घेऊ नका, पोलादी किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचा बेस, स्क्रूवर निळं थ्रेडलॉकर आणि टॉर्क पाना. स्कोप डोळ्यापासून साडेतीन इंच तरी लांब राहील असा बसवा, नाहीतर झटक्याने भुवई फुटते.

काढता येणारं मॅगझिन घेत असाल तर ते नेहमीच्या प्रचलित मापाचं आहे का ते विचारा, फक्त त्याच कंपनीचं असेल तर दोन जास्तीची आत्ताच घेऊन ठेवा, कारण मॉडेल बंद झालं की सगळ्यात आधी मॅगझिन मिळेनासं होतं. बिजागरीच्या झाकणाचं आतलं मॅगझिन हरवत नाही आणि शिकारीला तेच जास्त बरं. त्याच खेपेला एक एक्सट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग, फायरिंग पिनची स्प्रिंग आणि अ‍ॅक्शनच्या स्क्रूंचा एक जोड मागवून ठेवा, एका छोट्या डबीत मावतात.

साफसफाईला जोडाजोडीचा रॉड नको, अखंड रॉड आणि बोअर गाइड घ्या आणि नेहमी चेंबरच्या बाजूने घाला, तोंडाकडून घातलेला रॉड क्राउन खातो. जुनी लष्करी काडतुसं झाडली असतील तर त्यांच्या प्रायमरमधलं मीठ बॅरलमध्ये उरतं आणि ते तेलाने निघत नाही, आधी गरम पाणी, मग कोरडं पुसणं, मग तेल, आणि हे त्याच दिवशी. किती गोळ्या झाल्या, कुठल्या काडतुसाने ग्रुप कसा आला हे पहिल्या दिवसापासून एका वहीत लिहा, पुढे ग्रुप उघडायला लागले की बॅरल संपली की स्क्रू ढिला झाला याचा निर्णय त्या वहीवरून पटकन होतो आणि रायफल विकायची झाली तर घेणाराही ती वही बघून चार पैसे जास्त देतो.